घरी अभ्यास होत नाही

दिवाळी संपून आठवडा झाला असेल. नणंदेचा मुलगा पुण्यात असतो, नवी पेठेत, एमपीएससीची तयारी करतो. परीक्षा तोंडावर म्हणून तो परभणीला गेलाच नाही आणि ताईंनी पाठवलेला फराळाचा डबा आमच्याकडे येऊन पडला. तो द्यायला गेले तर हा खोलीवर नाही, अभ्यासिकेत. फोनवर म्हणाला, मामी तिथेच या, मी खाली येतो. खाली काही आला नाही, मग मीच वर चढले. अरुंद जिना, भिंतीवर क्लासच्या पोस्टरांचे थर, एक फाटलंय तिथून खालचा जुना टॉपर हसतोय. दारात चपलांचा ढीग. आत प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकात एक खुर्ची, एक छोटी ट्यूब, एक चार्जिंगचा पॉइंट, आणि समोर चिकटवलेले नद्यांचे नकाशे नि राज्यघटनेच्या कलमांच्या चिठ्ठ्या. खोलीभर पोरं-पोरी आणि आवाज काय तो पंख्याचा. सगळ्यांच्या कानात इअरफोन. जरा वाकून पाहिलं तर बहुतेकांसमोर मोबाइल उभा केलेला आणि त्यात कुणीतरी सर शिकवतायत. एका रांगेत तर तिघांच्या मोबाइलवर तेच सर, तोच निळा शर्ट, फक्त एकाचे सर फळ्याकडे वळलेले, दुसऱ्याचे पेनाचं टोपण काढतायत आणि तिसऱ्याचे दुप्पट स्पीडवर लगबगीने हात हलवतायत.

खाली टपरीवर चहा घेताना विचारलं, अरे हे सगळं मोबाइलवरच आहे तर परभणीला बसून नसतं का झालं? पुन्हा वर ही गर्दी, हे भाडं. त्याने चकली मोडली, अर्धी शेजारच्या मित्राला दिली आणि अगदी सहज म्हणाला, "मामी, घरी नाही होत ओ अभ्यास."

मित्राने मान डोलावली. विषय संपला त्यांच्यापुरता.

माझा नाही संपला. बसमध्ये मी त्याच्या खर्चाचा हिशोब करत बसले. कॉट बेसिसवर खोली, दोन वेळची मेस, अभ्यासिकेची महिन्याची फी, चहा, झेरॉक्स, आणि ती ऑनलाइन बॅच. यात सगळ्यात स्वस्त काय असेल तर बॅच. वर्षाची फी महिन्यांवर वाटली तर त्याचा चहाचा खर्चसुद्धा जास्त निघेल. म्हणजे बघा, शिकवणं आता जवळजवळ फुकट झालंय, आणि पैसे जातायत ते बसायला. पूर्वी पोरं पुण्याला यायची ती अमुक सरांचा क्लास इथेच आहे म्हणून. आता सर खिशात आलेत, गंगाखेडात पण येतात, जिंतूरलाही येतात, तरी शास्त्री रोडवरची गर्दी काही हटलेली नाही. ऑनलाइन आलं की शहरात यायची गरज संपेल असं जे आपण सगळे धरून चाललो होतो त्याचं हे काय झालं?

मला एकदम आई आठवली. आमचं घर कराडजवळ, एकत्र कुटुंब, आई दहावी झालेली आणि लगेच लग्न. नव्वदच्या दशकात तिने मुक्त विद्यापीठात नाव घातलं, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिकचं. ते १९८९ मध्ये निघालं, राम ताकवले पहिले कुलगुरू. बारावी नसलेल्यांसाठी आधी पूर्वतयारी शिक्षणक्रम असायचा, तो केला की बीएला प्रवेश. आईने तो केला. पुस्तकं घरी यायची. कागदाचा आणि शाईचा तो कोरा वास मला अजून येतो, आणि मोठ्या आकाराची ती पुस्तकं, त्यात धडे नाहीत, घटक. घटक एक, घटक दोन, मध्ये प्रश्न, मग स्वाध्याय. शिक्षक समोर नसताना माणसाला एकट्याने वाचता यावं अशा बेताने लिहिलेली. त्यावर विद्यापीठाचं बोधवाक्य, ज्ञानगंगा घरोघरी. आणि खरंच आली होती की आमच्या घरी, फळीवर, गव्हाच्या डब्याशेजारी उभी होती.

पण आईला ती दिसायची रात्री. सकाळचा स्वयंपाक, डबे, धुणं, दुपारी कुणीतरी येतंच, संध्याकाळी परत चूल. पुस्तक उघडलं की तिला कुणीतरी हाक मारणार हे ठरलेलं. कुणी वाईट नव्हतं आमच्याकडे, शिकू नको असंही कुणी म्हणालं नाही, पण घरात बसलेली बाई रिकामी दिसते. हातात पुस्तक असेल तर जास्तच रिकामी दिसते. वडील पेपर वाचत असले तर आम्हाला हळू बोला म्हणून सांगायचे, आई समाजशास्त्र वाचत असली तर तिच्या मांडीवर निवडायला मेथीची जुडी यायची. हे कुणी मुद्दाम करायचं नाही, म्हणूनच त्यावर भांडताही यायचं नाही.

रविवारी मात्र संपर्क सत्र असायचं. अभ्यासकेंद्र कराडच्या एका कॉलेजात होतं, तिथे समंत्रक येऊन अडलेलं समजावून सांगायचे. आई शनिवारी रात्रीच भाजी चिरून ठेवायची. रविवारी ठेवणीतली साडी, पर्स, त्यात दोन पेनं, आणि एसटी. आजी दर रविवारी न चुकता म्हणायची, "पुस्तकं घरात आल्यात न्हवं, मग जायाचं कशाला तिकडं?" आणि आई काही उत्तर न देता चपला घालायची. एकदा तिने मला बरोबर नेलं. वर्गात कोण कोण होतं! एक एसटी कंडक्टर, एक पोलीस हवालदार, अंगणवाडीच्या ताया, एक नवी नवरी जिने बाळ बाकावरच झोपवलं होतं. सत्र दुपारी एकपर्यंत, पण त्यानंतर कुणी उठेना. डबे उघडले आणि बायका एकमेकींना वाचून दाखवायला लागल्या. एक वाचणार, बाकीच्या ऐकणार, मध्येच कुणीतरी म्हणणार, थांब थांब, हे परत वाच. कंडक्टर काका म्हणजे अवलियाच, त्यांना प्रत्येक गोष्टीवर शंका. आई त्यांच्याशी वाद घालत होती. मी आईला वाद घालताना तोवर कधी पाहिलंच नव्हतं, घरात ती वाद घालायची नाही. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली आणि गाव येईपर्यंत तिने पुस्तक मिटलं नाही.

आता ज्याला ब्लेंडेड लर्निंग म्हणतात आणि ज्याच्यावर परिषदा भरतात, ते हेच होतं. पुस्तक घरी, माणसं रविवारी.

अभ्यास घरापर्यंत पोचवायचे उद्योग आपल्याकडे जुने आहेत. आम्हा मुलांना तो यायचा दूरदर्शनवर. आजारी पडून शाळा बुडली की दुपारी यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, कंट्रीवाइड क्लासरूम लागायचा, १९८४ मध्ये सुरू झालेला, त्यात इंग्रजीतून स्फटिकांची रचना वगैरे, काही कळायचं नाही पण ताप आलेल्या डोक्याला ते बरं वाटायचं. आणि आपली बालचित्रवाणी! पुण्यातून निघायची, तीही १९८४ ची. तिची धून माझ्या वयाच्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. गंमत म्हणा नाहीतर दैवदुर्विलास, ही मराठी मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करणारी संस्था २०१७ मध्ये पैशाअभावी बंद पडली आणि बरोबर तीन वर्षांनी कोरोनात सगळ्या राज्याला टीव्हीवरून शिकवायची वेळ आली. मग धावाधाव. "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" आलं, जुलै २०२० मध्ये सह्याद्रीवर टिलीमिली लागली, नागपूर आकाशवाणीवर शाळेबाहेरची शाळा सुरू झाली. ज्यांनी केलं त्यांनी जीव ओतून केलं, त्याबद्दल मला काही वाकडं बोलायचं नाही.

पण त्या दोन वर्षांत घराघरात जे झालं ते आपण फार लवकर विसरलो. आमच्याकडे लेक बेडरूममध्ये, नवरा हॉलमध्ये, मी किचनच्या ओट्याशी लॅपटॉप घेऊन. लेकीच्या गणिताच्या बाई त्यांच्या स्वयंपाकघरातून शिकवायच्या आणि त्यांच्या कुकरची शिट्टी आमच्या बेडरूममध्ये ऐकू यायची. एकदा त्या अपूर्णांक शिकवत होत्या आणि मागून कुणीतरी पुरुषी आवाजात विचारलं, चहा झाला का. बाईंनी म्यूट केलं. एक मिनिटभर पंचेचाळीस मुलं गप्प बसून बाईंचे ओठ हलताना बघत होती. मग त्या परत आल्या आणि म्हणाल्या, हां, तर छेद समान करायचा. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या मुलीचा वर्ग सकाळी व्हायचा आणि घरातला एकुलता एक फोन सकाळी वडिलांबरोबर साइटवर जायचा. तो रात्री परत आला की ती व्हॉट्सअॅपवरचा दिवसभराचा गृहपाठ एकदम उतरवायची, तोपर्यंत फोनची बॅटरी चार टक्के.

ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांच्या घरांमध्ये स्मार्टफोन २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, २०२० मध्ये ६१.८ झाले, असा असरचा, म्हणजे प्रथम संस्थेच्या ग्रामीण शिक्षणाच्या देशभरच्या पाहणीचा, आकडा आहे. पेपरात तो मोठ्या कौतुकाने आला. त्याच असरने २०२१ मध्ये आणखी एक गोष्ट विचारली, की घरात फोन आहे, पण तो मुलाला मिळतो का? फोन असलेल्या घरांतल्या २६.१ टक्के मुलांना तो मिळतच नव्हता. मला हा आकडा जास्त खरा वाटतो. वस्तू घरात असणं आणि ती आपली असणं यात किती अंतर असतं ते आमच्या आईला विचारा. पुढे २०२३ च्या असरमध्ये १४ ते १८ वयाच्या मुलांना विचारलं तर फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन, आणि मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. यावर मी काही बोलत नाही.

सध्या चर्चा चालते ती टक्केवारीची. यूजीसीने २०२१ मध्ये ब्लेंडेड लर्निंगचा मसुदा काढला, त्यात ४० टक्क्यांपर्यंत ऑनलाइन आणि बाकी वर्गात. स्वयम् या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय करायचीही मुभा दिली. कॉलेजातल्या मैत्रिणी सांगतात की मीटिंगांमध्ये तेच, अमुक विषय ऑनलाइन टाका, तमुक ठेवा, व्हिडिओ किती मिनिटांचा, क्विझ किती मार्कांची. आता तर एआय आलंय, ते रात्री दोन वाजता पण शंका सोडवतं आणि वैतागत नाही. चांगलंच आहे की. मला यातल्या कशाचाच राग नाही. आयआयटीच्या प्राध्यापकाचं लेक्चर एनपीटीईएलवर फुकट बघायला मिळतं ही काय साधी गोष्ट आहे? बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून आदिवासी पाड्यावरचं पोर कविता ऐकतं. परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण पेढ्यांचे फोटो पडले होते. माझा भाचा ज्या सरांकडे शिकतो त्यांच्या ऑफलाइन क्लासची फी त्याच्या बापाला झेपली नसती. हे सगळं मान्य. माझं म्हणणं एवढंच की त्या ४०-६० च्या हिशोबात शिकवणाऱ्याचा तास मोजलाय, शिकणाऱ्याची खुर्ची कुणी मोजलेली नाही. ऑनलाइनचे ४० टक्के नक्की कुठे बसून करायचेत? घरी, असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. आणि घर म्हणजे एक वेगळी खोली, दार, वायफाय आणि हाक न मारणारी माणसं. अशी घरं किती आहेत आपल्याकडे? एनपीटीईएलची लेक्चर्स घरबसल्या बघता येतात पण सर्टिफिकेटची परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यायला लागते, कारण तिथे कुणीतरी समोर हवं हे त्यांना कळतं. परीक्षेला जागा लागते हे कळतं तर अभ्यासालाही लागते हे का कळू नये?

अभ्यासिकेत मी नंतरही एकदोनदा गेले, निमित्त काढून. भाच्याला विचारत बसले, तोही बिचारा सांगत बसला. तिथले नियम कुणी लिहिलेले नाहीत पण पाळतात. शेजारचा उठल्याशिवाय आपण उठायचं नाही अशी एक मुकी शर्यत असते. कोपऱ्यातली एक ताई पहाटे सर्वात आधी येते, तिच्याशी कुणी बोललेलं नाही, पण ती दोन दिवस आली नाही तर सगळे अस्वस्थ होतात. लेक्चर ज्याचं त्याचं कानात, बसणं मात्र सगळ्यांचं मिळून. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, म्हणजे आता गोल काळे करून भागत नाही, पानंच्या पानं लिहायची. बॅचवाले म्हणतात उत्तराचा फोटो काढून अपलोड करा, आम्ही तपासून देऊ, आणि देतातही, वर "गुड, इम्प्रूव्ह इंट्रो" असं काहीतरी टाकून. म्हणून ही पोरं रात्री टपरीवर एकमेकांच्या वह्या बदलतात. भाच्याच्या वहीत मी मित्राचा लाल पेनातला शेरा वाचला, "भावा, प्रश्न दुष्काळाचा आहे, तू धरणांची यादी दिलीस." इतकं नेमकं मार्गदर्शन त्याला पैसे देऊन मिळालेलं नाही.

आता याचं फार कौतुक करायलाही जीभ अडखळते. त्या जिन्यात आग लागली तर ती पोरं कुठून उतरणार हा विचार माझ्या मनातून जात नाही. खिडक्या बंद, एसी बंद पडलेला, एका बाथरूमला रांग. तिशी ओलांडलेली मुलंही आहेत तिथे, जी आता घरी जाऊ शकत नाहीत कारण घरी जाणं म्हणजे हरणं. काही तर वर्षानुवर्षं नुसती बसतात. मला कधी कधी वाटतं की त्या प्लायवूडच्या कप्प्यात पोरं अभ्यासाइतकीच लपायलाही येतात, बापाच्या प्रश्नापासून, लग्नाच्या विषयापासून, शेताकडे बघण्यापासून. पण मग आईचा तो रविवार तरी काय वेगळा होता? तीही थोडी लपायलाच जात असेल. शिकायला आधी थोडं दिसेनासं व्हावं लागत असेल, कोण जाणे.

आणि आता खरं जे सांगायचं होतं ते. भाच्याची धाकटी बहीणही एमपीएससी करतेय, घरीच. दोघांत मिळून बॅच एकच घेतलीय, लॉगिन एक. अॅप असं आहे की एका फोनवर उघडलं की दुसऱ्यावरचं आपोआप बंद होतं. त्यामुळे दिवसभर ते दादाचं, कारण दादा पुण्यात एवढे पैसे घालून बसलाय, आणि रात्री दहानंतर तिचं. हे मला तिनेच सांगितलं, तक्रार म्हणून नाही, सहज, जशी पाणी येण्याची वेळ सांगावी. मी ताईंना फोन केला. म्हटलं तिलाही थोडं दिवसा बसू द्या की. ताई मनापासून आश्चर्याने म्हणाल्या, "अगं तिला काय, ती घरीच तर असते, तिला वेळच वेळ आहे."

वाद घालण्यात अर्थ नव्हता, ताई प्रेमळ आहेत, पोरीला शिकवायचंही आहे त्यांना. मग मी आणि भाचीने दुसरंच काढलं. त्यांच्या गावात एक सार्वजनिक वाचनालय आहे, सरकारी अनुदानावरचं, ब वर्गाचं. आपल्या राज्यात अशी वाचनालयं हजारोंनी आहेत, १९६७ च्या कायद्याखाली, कितीतरींकडे जागा, टेबलं, पंखे, सगळं आहे. हेही सकाळी उघडतं तेव्हा निवृत्त मंडळी पेपर वाचतात, मग कुलूप, मग संध्याकाळी पुन्हा तीच मंडळी. मधले पाच तास ती टेबलं तशीच पडून. एका दुसऱ्या लॉगिनचे पैसे मी भरले, तो भाग सोपा होता, एका मिनिटात झाला. वाचनालयाला भाचीने अर्ज केलाय, तिच्यासारख्या आणखी काही मुलींच्या सह्या घेऊन. मुलींसाठी वेगळी खोली, वायफाय, असलं काही मागितलेलं नाही, दुपारी कुलूप लावू नका एवढंच. मसुदा मला व्हॉट्सअॅपवर पाठवला होता, मी त्यातलं "नम्र विनंती" एकदाच ठेवलं, तिने तीनदा लिहिलं होतं. ग्रंथपाल चांगले आहेत, म्हणाले कार्यकारिणीपुढे ठेवतो. कार्यकारिणीची बैठक कधी आहे असं तिने विचारलं तर म्हणाले, अध्यक्ष मुलाकडे पुण्याला गेलेत, ते आले की.